ॲक्सोलॉटलचे कल्ले पुढे वळले, तर आधी थर्मामीटर बघा

ॲक्सोलॉटल हा आयुष्यभर पाण्यातच राहणारा उभयचर प्राणी, मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या गार पाण्यातला. त्याला 16 ते 18 अंश मानवतात, 20 पर्यंत निभतं, 24 च्या वर पाणी टिकलं तर जीवावर बेततं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे इथे बहुतेक तक्रारींचं मूळ उष्णतेतच सापडतं.

सर्वांत आधी कल्ले बोलतात, म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले पिसांसारखे श्वसनाचे अवयव. निवांत असताना ते मागे किंवा बाजूला पसरलेले असतात. अधूनमधून झटकले तर काळजी नको, पण तासन्तास पुढे वळलेले राहिले आणि शेपटीचं टोकही मुडपलं, तर त्याला त्रास होतोय. तापमान ठीक असेल तर फिल्टरचा झोत काचेकडे वळवा. त्यानंतर कल्ले सैल पडले, तर दोष प्रवाहाचा होता.

नाही पडले, तर पाणी तपासा. विष्ठा आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात येणारे अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत, नायट्रेट 20 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 20 भाग) आत. पाणी जितकं गरम आणि पीएच जितका जास्त, तितका तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणून उन्हाळ्यात टेस्ट किट हाताशी ठेवाच. अमोनिया दिसला तर ॲक्सोलॉटलला स्वच्छ पाण्याच्या वेगळ्या टबात हलवा आणि टबातलं सगळं पाणी रोज बदला.

पाणी बदलल्यावर तो सैरावैरा धावू लागला, तर क्लोरीनचा संशय घ्या. नळाचं पाणी अँटीक्लोरीन घालूनच वापरा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी थेट ओतू नका. आदल्या रात्री बादलीत भरून घरात ठेवा आणि दोन्हीकडचं तापमान जुळलं की मगच घाला.

मोठा ॲक्सोलॉटल दोन-तीन दिवसांनी एकदा खातो, त्यामुळे एक वेळ चुकली तर घाबरू नका. लागोपाठ गांडूळ नाकारलं आणि हवा घ्यायला वारंवार वर येऊ लागला, तर पाणी तापलंय आणि त्यातला ऑक्सिजन घटलाय.

टँकचं झाकण काढून जाळी बसवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाण्याचं तापमान काही अंशांनी उतरतं, जूनमध्ये दमट हवा आली की हा उपाय लंगडा पडतो. गोठवलेल्या बाटल्या एकेकच सोडा, कारण झटक्यात गार झालेलं पाणीही त्याला तितकंच झोंबतं. मेचा पूर्ण महिना काढायचा असेल तर चिलरला, म्हणजे टँकचं पाणी गार करणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही, त्याचा खर्च प्राणी आणण्याआधीच धरावा. कल्ल्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी धरली तर पाणी गार करा आणि पशुवैद्याला दाखवा.