अजून वापरतं तरी कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा प्रश्न मी हसून टाळतो. "जुन्या मशीनवरचं हे लिनक्स अजून वापरतं तरी कोण?" ऑफिसमधल्या निम्म्या लोकांनी विचारून झालंय. (आत्याची शंका वेगळीच. मी फौजेतल्या कुणा कर्नलचं काम करतो, असं तिला बरीच वर्षं वाटायचं.)

माझं कर्नेल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्यात मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातल्या प्रोसेसरांसाठी एक भाग आहे, तो चालता ठेवायला मी फावल्या वेळात हातभार लावतो. घराण्यातला पहिला प्रोसेसर १९७९चा. अमिगा, अटारी एसटी, सुरुवातीचे मॅकिंटॉश, या सगळ्या जुन्या कंप्युटरांच्या पोटात हेच. वापरणारे आता थोडे, आणि बहुतेक माझ्यासारखेच हौशी.

दर नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नेल येतं. ते लॅपटॉपवर कंपाइल करायचं, आधी क्यूईएमयूमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवायचं, मग घरच्या क्वाड्रा ६५० या जुन्या मॅकिंटॉशवर. त्यात याच घराण्यातला ३३ मेगाहर्ट्झचा ६८०४० आहे.

मध्यंतरी नवं कर्नेल या जातीच्या मशीनवर इशारे ओकायला लागलं. कारण गमतीचं होतं. बहुतेक प्रोसेसरांवर चार बाइटची वस्तू मेमरीत चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच ठेवतात, म्हणजे पत्त्याचे शेवटचे दोन बिट कायम शून्य. हुशार मंडळी त्या रिकाम्या जागेत आपल्या खुणा ठेवतात. आमच्याकडे दोनने भाग गेला तरी चालतो, म्हणजे हमखास शून्य असा एकच बिट. अडकलेलं काम कुठल्या लॉकपाशी (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपापाशी) थांबलंय याची नोंद ठेवणाऱ्या कोडने दोन्ही बिट गृहीत धरले होते. दुरुस्ती काय, तर पत्ता तसा नसेल तेव्हा नोंद मुकाट सोडून द्यायची.

खरं तर ही चूक दुसऱ्या मशीनवर कुणाला नडलीच नसती. त्यामुळे 'जुन्या मशीनमुळे सगळ्यांचाच कोड सुधारतो' हे आमच्या गोटातलं लाडकं वाक्य मी जपून वापरतो. कधीकधी सुधारतो. पुष्कळदा आम्ही फक्त आमचंच निस्तरत असतो.

मग हा भाग कर्नेलमधून काढून का टाकत नाहीत? वयावरून कुणाला काढत नाहीत हो. इंटेलचा इटॅनियम प्रोसेसर २००१ साली बाजारात आला आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ कर्नेलमधून गेला, कारण सांभाळायला माणूस उरला नव्हता. २०१८च्या ४.१७ मध्ये तर एकदम आठ आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरांची घराणी, गेली. ज्यावर लिनक्स जन्मलं तो इंटेलचा ३८६ प्रोसेसरसुद्धा २०१२ साली काढला, कारण त्याची पथ्यं इतरांनाही पाळावी लागत होती. आमचा पसारा बराचसा आमच्याच डिरेक्टरीत असतो आणि मोडलं की कुणीतरी 'बघतो' म्हणतं. एकदा कंपायलरमधूनच, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधूनच, आमचा पत्ता कट व्हायची वेळ आली होती. जीसीसी या त्या कंपायलरने अंतर्गत रचना बदलायची ठरवली आणि आमचा भाग जुन्या पद्धतीचा. तेव्हा हौशी लोकांनी वर्गणी काढून बक्षीस लावलं, आणि एका जाणकाराने २०१९ मध्ये ते काम केलं.

क्वाड्राच्या घड्याळाचा सेल मी काढून ठेवलाय. हे सेल फुटले की बोर्ड खातात. त्यामुळे तारीख दर वेळी हाताने घालायची. आत्ताही ते बूट होतंय. चहा ठेवून आलो, लॉगिन अजून आलेलं नाही.