तुम्ही विचारलंत म्हणून: इथलं काउन्सेलिंगचं सर्टिफिकेट तिकडे चालतं का?

महिन्यातून तीन-चार जण तरी मला हे विचारतात. कुणी व्यसनमुक्ती केंद्रात काउन्सेलर आहे आणि नवऱ्याला दुबईत नोकरी लागलीय, कुणी इंग्लंडमधल्या स्विंडनला निघालाय, कुणी उलट अमेरिकेहून गोव्यात परत येतंय. प्रश्न एकच, ताई, माझं सर्टिफिकेट तिकडे चालेल ना? मी गोव्यातल्या डिचोलीची, पहिली तीन वर्षं महाराष्ट्रातल्या एका केंद्रात काढली, मग लग्न होऊन न्यू जर्सी, आता परत इथे, म्हणजे हे सगळं अंगावरून गेलंय, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सर्टिफिकेट जसंच्या तसं उचलून नेता येईल ही आशा आधी सोडा. पुढचा माणूस बघतो ते तुमचे तास, किती तास काम केलं, कुणाच्या देखरेखीखाली केलं आणि त्याची सही कुठे आहे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. तिथे काउन्सेलरना सर्टिफिकेट देणारी बोर्डं असतात, त्यातली बरीच आयसी अँड आरसी नावाच्या संस्थेची सभासद आहेत, ही १९८१ पासून आहे, आणि तिच्यामुळे एका बोर्डाचं सर्टिफिकेट दुसऱ्या बोर्डाकडे त्याच लेव्हलला बदलून घेता येतं. त्यांच्या नेहमीच्या एडीसी (दारू-ड्रग्ज काउन्सेलर) सर्टिफिकेटचं माप ढोबळमानाने असं, ६००० तास काम (डिग्री असेल तर कमी होतात), ३०० तास ट्रेनिंग, ३०० तास सुपरव्हिजन आणि १५० प्रश्नांची परीक्षा. ६००० तास म्हणजे फुलटाइम तीन वर्षं हो! बदली करताना अर्ज आपल्या सध्याच्या बोर्डाकडून सुरू करायचा, आणि सर्टिफिकेट चालू असलं पाहिजे, मुदत संपू दिली की सगळं अडतं, त्यामुळे राज्य सोडायच्या आधीच कागद हलवा. आणि सर्टिफिकेट वेगळं, राज्याचं लायसन्स वेगळं. लायसन्स या अदलाबदलीत येत नाही, ते नव्या राज्यात वेगळं मागावं लागतं, इथे खूप जण फसतात.

माझं काय झालं सांगते. महाराष्ट्रातल्या त्या तीन वर्षांचे माझे तास हिशेबात धरायला हवे होते, मी केंद्राला पत्र पाठवलं, तर माझे सर तोवर निघून गेले होते, नवीन माणसाने सांगितलं की तुमची नोंद पगाराच्या रजिस्टरात आहे, सुपरव्हिजनची कुठेच नाही. खरंच नव्हती. आम्ही रोज सकाळी बसून केसेसवर बोलायचो पण लिहीत कुणीच नव्हतं. तीन वर्षं गेली, तिकडे शून्यापासून सुरुवात केली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं कारण मी काम शिकले ते तिथेच.

एक सकाळ अजून डोळ्यासमोर आहे. नवीन पेशंट, पन्नाशीचे गृहस्थ, चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला तरी बशीत चहा सांडत होता, कपाळावर घाम. मला वाटलं घाबरलेत, मी घरच्यांची चौकशी करत धीर द्यायला बसले. सर दारातूनच म्हणाले, काका, शेवटची कधी घेतली? परवा रात्री. सरांनी मला उठवलं, आधी डॉक्टरांना फोन कर, बोलणं नंतर. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, माणूस जाऊही शकतो, आणि हे मला पुस्तकात माहीत होतं पण समोर दिसलं नव्हतं. देखरेखीखालचा तास म्हणजे हा. बोर्ड त्यावर सही मागतं ते मला अगदी बरोबर वाटतं.

आता आपल्याकडचं. भारतात नुसत्या व्यसनमुक्ती काउन्सेलरसाठी देशभर लागू होईल असं लायसन्स नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर आरसीआयची (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी देशभर चालते, महाराष्ट्रातून गोव्यात आलात तरी तीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही येतात, पण तिथे नोंदणी लागते ती केंद्राची. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात (डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्यसेवकांचा) काउन्सेलर मंडळींचाही वर्ग आहे, त्याच्यावर लक्ष ठेवा. कोलंबो प्लॅन या आशिया-पॅसिफिक देशांच्या संघटनेचं आयकॅप हे व्यसन-उपचाराचं सर्टिफिकेट बऱ्याच देशांत ओळखलं जातं, पण तेही लायसन्सच्या जागी चालत नाही.

इंग्लंडला जाणाऱ्यांनी ऐका, तिथे काउन्सेलर या शब्दाला कायद्याचं संरक्षण नाही, बीएसीपीसारख्या काउन्सेलरांच्या संघटनांची रजिस्टर ऐच्छिक आहेत, ड्रग अँड अल्कोहोल सर्व्हिसमध्ये रिकव्हरी वर्करच्या जागा निघतात तिथून शिरता येतं, मात्र डीबीएस तपासणी (गुन्ह्यांची नोंद आहे का ते बघतात) होते, आणि इथलं पोलीस क्लिअरन्स निघायच्या आधीच काढून ठेवा. दुबईत उलट, आरोग्य खात्याचं लायसन्स लागतं आणि तुमचे कागद जिथून निघाले तिथेच जाऊन पडताळतात, म्हणजे जुन्या केंद्रात फोन उचलणारं कुणीतरी हवं.

कायदा मात्र कुठेही गेलात तरी नव्याने शिकावा लागतो. अमेरिकेत व्यसनाच्या उपचाराच्या माहितीला वेगळं कडक संरक्षण आहे, पेशंटच्या लेखी परवानगीशिवाय बायकोलासुद्धा तो आमच्याकडे येतो एवढंही सांगता येत नाही. इथे फोंड्याला पहिल्याच आठवड्यात पेशंटची आई, बायको आणि मोठा भाऊ तिघं एकदम खोलीत आले, तो काय बोलला ते सांगा म्हणून. त्यांना बाहेर काढणं मला बरोबर वाटलं नाही, पेशंटला त्यांच्यासमोरच विचारलं, काय सांगू आणि काय नको. तो म्हणाला, सोऱ्याचं (दारूचं) सांगा, कर्जाचं नको. तसंच केलं.

गेल्या महिन्यात स्विंडनला निघालेला एक मुलगा फाइल घेऊन आला होता. सर्टिफिकेटं लॅमिनेट केलेली, नऊ. तासांची वही नाही. मी त्याला साधी लांब वही घ्यायला सांगितली, तारीख, किती तास, काय काम केलं, सुपरव्हायजरची सही, आणि केंद्राच्या लेटरहेडवर एक पत्र. काल त्याचा फोन आला. चौदा महिन्यांच्या सह्या झाल्या, त्याआधीच्या चार महिन्यांचे सर आता सावंतवाडीला असतात, रविवारी तो बाइकने तिकडे जाणार आहे.