तीन व्ही-बेल्ट काढून एक सर्पेंटाइन बेल्ट: स्मॉल-ब्लॉक शेव्हर्लेवरचा माझा अनुभव

इंजिन 1972 चं, 350 घनइंचाचं स्मॉल-ब्लॉक (आटोपशीर ब्लॉकचं व्ही-8) शेव्हर्ले. पुढे तीन व्ही-बेल्ट होते: एक वॉटर पंप आणि ऑल्टरनेटरचा, एक पॉवर स्टीअरिंगचा, एक एसी कॉम्प्रेसरचा. सुरुवातीलाच सांगतो, हे काम नटबोल्टचं कमी आणि मोजमापाचं जास्त आहे. सुटे भाग बसवायला एक दिवस पुरतो. सगळ्या पुल्या एका प्रतलात आणायला मला त्याच्या दुप्पट वेळ लागला, आणि तो वेळ देण्याची तयारी नसेल तर चांगल्या स्थितीतले व्ही-बेल्ट काढूच नयेत.

व्ही-बेल्ट पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो आणि त्या पकडीवर चालतो. मूळ कमी अँपिअरच्या ऑल्टरनेटरला ते पुरतं. शंभर अँपिअरचा ऑल्टरनेटर लावला की एकच अरुंद बेल्ट भाराखाली घसरतो, त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात, मग आपण पहारीने तो आणखी ताणतो आणि शेवटी पंपाचं बेअरिंग जातं. सर्पेंटाइन बेल्ट म्हणजे एका बाजूला लांबीभर बारीक रिब (उंचवटे) आणि दुसरीकडे सपाट पाठ असलेला रुंद बेल्ट. तो पातळ असल्याने लहान पुलीवर सहज वळतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी काम घेता येतं. ताण स्प्रिंगचा टेन्शनर सांभाळतो. एकाच सर्पेंटाइन बेल्टवर सगळं चालवणारी व्यवस्था 1979 च्या फोर्ड मस्टँगमध्ये आली, म्हणजे हे तंत्र माझ्या इंजिनापेक्षा फार तरुण नाही.

एकही बोल्ट सोडण्याआधी कागदावर बेल्टचा मार्ग काढला आणि प्रत्येक पुलीवर फिरण्याच्या दिशेचा बाण काढला. नियम सोपा आहे. बेल्टची रिबवाली बाजू जिला लागते ती पुली क्रँकच्याच (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दिशेने फिरते, सपाट पाठ जिला लागते ती उलट फिरते. पॉवर स्टीअरिंगचा पंप आणि कॉम्प्रेसर रिबच्या बाजूलाच हवेत. ऑल्टरनेटर विजेच्या दृष्टीने दोन्ही दिशांना चालतो, पण त्याच्या पंख्याची पाती एकाच दिशेसाठी वाकवलेली असू शकतात, म्हणून तोही रिबवरच.

राहिला वॉटर पंप, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. माझ्या मार्गात पंपाला बेल्टची पाठ लागते. म्हणजे पंप उलट दिशेचाच हवा, जुना चालणार नाही. जुना पंप तसाच ठेवला तर काय होतं हे नीट समजून घ्या, कारण लक्षण फसवं आहे. अपकेंद्री पंप उलटा फिरवला तरी पाणी उलटं वाहत नाही; वाहतं त्याच दिशेला, पण बरंच कमी. त्यामुळे इंजिन आयडलला (उभ्या गाडीत नुसतं चालू असताना) बरं वाटतं, आणि चढावर किंवा उन्हात काटा हळूहळू वर सरकतो. मग माणूस थर्मोस्टॅट बदलतो, रेडिएटर साफ करून घेतो, आणि दोष पंपाच्या पात्यांत बसून राहतो. नवा पंप हातात आल्यावर मागची झाकणपट्टी काढून जुन्याशेजारी ठेवला. दोन्हींच्या पात्यांचा बाक एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखा दिसला तेव्हाच पुढे गेलो. डब्यावरच्या चिठ्ठीवर विसंबू नका.

पंपावर बसणाऱ्या पंख्याचंही तेच. साधा पंखा उलटा फिरला की हवा रेडिएटरमधून ओढण्याऐवजी पुढे ढकलतो, येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध. एक तर उलट दिशेचा पंखा घ्या, नाही तर विजेचा लावा. मी विजेचा लावला, पण तो सुरू असताना पंचवीस-तीस अँपिअर खातो, तेवढं ऑल्टरनेटर निवडताना धरून ठेवा.

या इंजिनात वॉटर पंप दोन लांबीचे येतात, आखूड आणि लांब, आणि त्यांच्यात साधारण 33 मिलिमीटरचा फरक असतो. 1969 पासूनच्या बहुतेक शेव्हर्ले गाड्यांत लांब पंप आहे. त्या आधीच्या सिलिंडर हेडच्या पुढच्या तोंडावर ब्रॅकेटसाठी आटेदार भोकंच नसतात, तेव्हा हेड कोणत्या काळातलं आहे हे ब्रॅकेट मागवण्याआधी हाताने चाचपून पाहा. पंप, क्रँक पुली आणि ब्रॅकेट हे तिन्ही एकाच लांबीच्या व्यवस्थेतले हवेत. यातली सरमिसळ शिमने (फट भरायच्या पातळ चकतीने) सुटत नाही.

खोलणं लवकर उरकलं. कूलंट भांड्यात काढलं आणि लगेच झाकलं, कारण त्याची चव गोड असते आणि कुत्र्यामांजरांसाठी ते विष आहे. एसीचा गॅस यंत्राने काढून घेतल्याशिवाय होजला हात लावायचा नाही. क्रँक पुली तीन बोल्टवर असते, ती निघाली. मागचा हार्मोनिक बॅलन्सर (क्रँकची कंपनं शोषणारं चाक) तसाच राहू दिला. त्यामुळे टायमिंगची खूण बदलली नाही आणि संतुलनाचा प्रश्नही आला नाही. तुमचं इंजिन 400 घनइंचाचं असेल तर बॅलन्सर बदलताना विशेष जपा, त्या इंजिनाचं संतुलन बॅलन्सरवरच्या वजनावर अवलंबून असतं.

एक बोल्ट मात्र लक्षात ठेवा. ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, इंधन पंपाच्या बाजूला जी आटेदार भोकं आहेत त्यातलं एक आरपार इंधन पंपाच्या पुशरॉडपर्यंत (पंप हलवणाऱ्या दांड्यापर्यंत) जातं. ब्रॅकेट जाड म्हणून लांब बोल्ट घातला की तो पुशरॉडला दाबून धरतो आणि इंधन पंप चालत नाही. बोल्ट घालण्याआधी भोकाची खोली तारेने मोजली, त्यात ब्रॅकेटची जाडी मिळवली आणि बोल्ट त्याहून तीन मिलिमीटर आखूड कापला. वॉटर पंपाचे बोल्ट आट्यांना सीलर लावून 40 न्यूटन-मीटरवर आवळले.

आता प्रतल. मोजमापाचा आधार क्रँक पुली, दुसरं काही नाही. ती हलवता येत नाही, म्हणून बाकी सगळं तिच्याकडे यायचं. आधी तिचं तोंड आणि बॅलन्सरचं तोंड खरवडून स्वच्छ केलं, कारण गंजाचा एक कपचा मध्ये राहिला तरी पुली डुलते. मग स्थिर टोकदार तार पुलीच्या कडेजवळ धरून इंजिन हाताने फिरवलं. फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त बदलली असती तर पुली परत काढली असती.

त्यानंतर 600 मिलिमीटरची सरळ स्टीलची पट्टी क्रँक पुलीच्या तोंडाला टेकवून एकेक पुली तपासली. पुलीची बाहेरची कड किती जाड आहे हे प्रत्येकीचं वेगळं असतं, म्हणून कडेवरून नव्हे, पहिल्या खाचेच्या मध्यावरून मोजायचं. मी धरलेली मर्यादा: 300 मिलिमीटर अंतराला दीड मिलिमीटर, त्यापलीकडे नाही. नुसतं पुढेमागे असणं एक, आणि पुली तिरकी असणं दुसरं. पट्टी पुलीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना टेकवल्याशिवाय तिरकेपणा कळत नाही.

ऑल्टरनेटरच्या पुलीवर हे नेमकं दिसलं. खालच्या टोकाला पट्टी टेकली, वरच्या टोकाला फिलर गेजची (फट मोजायच्या पात्यांची) 0.8 मिलिमीटरची पाती आत गेली. ब्रॅकेट वाकडा नव्हता. पावडर कोटिंगचा थर बोल्टच्या एका बसकीवर जाड होता, दुसरीवर घासलेला. दोन्ही बसक्या खरवडून उघड्या धातूपर्यंत आणल्या, फट 0.2 वर आली. त्याने आणखी एक दोष टळला: ऑल्टरनेटरचं अर्थिंग त्याच्या अंगातूनच ब्रॅकेटमधून ब्लॉकला जातं आणि कोटिंग ते अडवतं. तरीही ऑल्टरनेटरच्या अंगापासून ब्लॉकपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर ओढली. चार्जिंगची जुनी वायर मूळ ऑल्टरनेटरपुरती असते, तीही जाड केली, वितळणारी फ्यूज लिंक ठेवूनच.

पॉवर स्टीअरिंगच्या जुन्या पंपांवर पुली नटाने धरलेली असते, नंतरच्या पंपांवर नुसती दाबून बसवलेली. दाबून बसणारी पुली हातोडीने ठोकायची नाही, ठोका थेट पंपाच्या आतल्या भागांवर बसतो. पुली बसवायचं स्क्रूचं हत्यार दांड्याच्या मधल्या आट्यांत धरतं आणि पुली हळू आत ओढतं. दर दोन फेऱ्यांनी पट्टी लावून पाहिलं. ही एकच पुली अशी आहे जी तुम्हाला हवी तिथे थांबवता येते. बाकी ठिकाणी शिम लागतात, आणि शिम बोल्टच्या पूर्ण बसकीखाली जाईल एवढा रुंद हवा, नुसता बारीक वॉशर नको.

टेन्शनरची जागा आवडीने ठरत नाही. क्रँक बेल्ट स्वतःकडे ओढतो, म्हणून क्रँककडे येणारा भाग ताठ असतो आणि क्रँकपासून सुटणारा सैल. टेन्शनर सैल बाजूलाच हवा. इंजिनासमोर उभं राहिलं आणि बेल्ट क्रँकच्या खालून जात असेल, तर सैल भाग डावीकडे निघतो. ताठ बाजूला टेन्शनर लावला तर वेग वाढवताच त्याचा हात मागे ढकलला जातो आणि बेल्ट फडफडतो. वेढ्याचंही, म्हणजे बेल्ट पुलीला किती अंशांत चिकटून जातो याचंही पाहावं लागतं: ऑल्टरनेटरला किमान 120 अंश, क्रँकला 150 धरून मी आयडलरची (बेल्टला नुसती वळवणाऱ्या मोकळ्या पुलीची) जागा निश्चित केली. भार जितका जास्त आणि पुली जितकी लहान, तितका वेढा जास्त हवा.

पुलीचं गुणोत्तरही मांडून पाहा. क्रँक 165 मिलिमीटर, ऑल्टरनेटर 60, म्हणजे 2.75. 700 आरपीएमच्या आयडलला ऑल्टरनेटर 1,925 वर फिरतो, 5,500 ला 15,125 वर. आपल्या ऑल्टरनेटरची वरची मर्यादा या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय आणखी लहान पुली लावू नये.

बेल्टची लांबी न ताणणाऱ्या बारीक दोरीने काढली, टेन्शनरचा हात त्याच्या प्रवासाच्या मधोमध धरून. दोरी दहा-पंधरा मिलिमीटरने चुकते, त्यामुळे जवळपासच्या दोन लांबीचे बेल्ट आणून पाहिले. बेल्टवर छापलेल्या 6पीके1880 याचा अर्थ सहा रिब आणि 1,880 मिलिमीटर. खरा निर्णय टेन्शनरच्या अंगावरच्या खुणा देतात: बाण किमान आणि कमाल यांच्या मध्ये यायला हवा. बेल्ट 10 मिलिमीटरने लांब घेतला तर टेन्शनरची पुली साधारण पाचने सरकते, तेवढा अंदाज पुरतो.

बेल्ट चढवताना रिबवाल्या पुल्या आधी भरायच्या आणि शेवटी तो सपाट पुलीवरून सरकवायचा. स्क्रूड्रायव्हरने ओढून बसवला तर आतले दोर तुटतात, बाहेरून काही दिसत नाही. मग प्रत्येक पुलीवर बोट फिरवून खाचा मोजायच्या. दोन रिबमधलं अंतर फक्त 3.56 मिलिमीटर असतं, एक खाच चुकलेली डोळ्याला दिसत नाही, आणि तसाच सुरू केला तर कडेची रिब सोलून निघते.

सुरू केल्यावर चिवचिव आली तर रिबवर पाण्याचा हलका फवारा मारून पाहा. आवाज थांबून थोड्या वेळाने परतला तर पुली रेषेत नाही. आवाज वाढला तर बेल्ट घसरतो आहे, ताण कमी. माझ्याकडे आवाज थांबून परतला. पॉवर स्टीअरिंगची पुली एक मिलिमीटर आत घेतल्यावर गेला. स्टीअरिंगच्या तेलातली हवा इंजिन बंद ठेवून, पुढची चाकं उचलून, चक्र टोकापासून टोकापर्यंत फिरवून काढली.

इंजिन दोनदा पूर्ण तापून थंड झाल्यावर ब्रॅकेटचे सगळे बोल्ट पुन्हा तपासले. दोन थोडे हलले, दोन्ही शिमखालचे. 500 किलोमीटरनंतर टेन्शनरचा बाण होता तिथेच होता. एकच बेल्ट असल्यामुळे तो तुटला तर चार्जिंग, स्टीअरिंगची मदत आणि पाण्याचा पंप एकदम थांबतात, म्हणून त्याच लांबीचा दुसरा बेल्ट, टेन्शनरच्या चौकोनी भोकात बसणारा लांब दांड्याचा पाना आणि मार्गाचा तो बाणांचा कागद डिकीत ठेवला आहे. जुने ब्रॅकेट, पुल्या आणि पंपही एका पेटीत बोल्टसकट बांधून ठेवले. ब्लॉकला किंवा हेडला एकही नवं भोक पाडलेलं नाही.