आमची वाटचाल: वखारीतून घराघरांत

चिपळूणजवळची आमची लाकडाची वखार वडिलांनी सुरू केली. तेव्हा घर बांधणारा माणूस आपल्या सुताराला सोबत घेऊनच यायचा. वासे ऐनाचे नाहीतर किंजळीचे, दारं फणसाची, ऐपत असेल तर सागाची, आणि देव्हाऱ्याला शिवण. घनफुटाचा हिशेब व्हायचा, माल टेम्पोत चढायचा आणि त्या घराशी आमचा संबंध संपायचा. पुढे स्लॅबची घरं आली, वासे-रिपांची मागणी ओसरली. आज आमच्या कामाचा मोठा भाग दुरुस्तीचा आहे. लोकांच्या घरातलं लाकूड का बिघडतं हे शोधायचं आणि ते पुन्हा बिघडणार नाही असं करून द्यायचं, हा आता आमचा धंदा.

याची सुरुवात चाकरमान्यांच्या फोनांनी झाली. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मुंबईहून, डोंबिवलीहून एकच तक्रार यायची: "दार फुगलंय, कडी लागत नाही, माणूस पाठवा." घर जूनपासून बंद, वर कोकणातला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आत वारा नाही. गावातला मिळेल तो माणूस येऊन रंधा मारायचा, दार लागायचं, गणपती पार पडायचे. मे महिन्यात मंडळी पुन्हा आली की त्याच दाराला बोट जाईल एवढी फट. मग फट बुजवायला पट्टी, आणि पुढच्या पावसात पुन्हा रंधा. चांगलं जुनं फणसाचं दार असं वर्षावर्षाला झिजताना बघून मला फार वाईट वाटायचं.

आमच्या थोरल्या मिस्त्रींनी तेव्हा सांगितलेली गोष्ट आजही आमच्या प्रत्येक कामाचा पाया आहे. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, ते कायमचं थांबवता येत नाही. त्याला हलायला जागा ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं. आकड्यांत सांगायचं तर, आमच्याकडे मे महिन्यात दाराला मीटर लावला की ओलावा 12-13 टक्के दिसतो, श्रावणात तोच 18 पर्यंत चढतो. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, सगळी हालचाल रुंदीत होते. तीस इंच रुंदीचं, उभ्या फळ्या जोडून केलेलं सागवानी दार एवढ्या फरकाने अडीच सुतांच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आसपास फुगतं. तेच दार पॅनलचं असेल तर रुंदीत फुगणाऱ्या फक्त दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या, म्हणजे मिळून नऊएक इंच लाकूड, आणि फरक एका सुताच्या आतच राहतो. मधलं पॅनल खाचेत मोकळं बसवलेलं असतं, ते आतल्या आत फुगतं. मात्र कोणी उत्साहाने त्या खाचेत फेविकॉल भरला असेल तर पॅनल मधोमध फाटतं. असं फाटलेलं दार आलं की ग्राहक आधी लाकडाला दोष देतात; आम्ही खाच उघडून दाखवतो.

म्हणून आम्ही घरी गेलो की लगेच रंध्याला हात लावत नाही. आधी एक कागद दार आणि चौकटीमध्ये धरून सगळीकडे फिरवतो, म्हणजे कुठे अडतंय ते कळतं. कडीच्या बाजूचा फक्त वरचा कोपरा घासत असेल तर बहुधा दार फुगलेलं नसतंच, वरची बिजागरी सैल झालेली असते. जुनी भोकं लाकडी खुंटीने बुजवून लांब स्क्रू मारले की काम झालं. पूर्ण उंचीत घासत असेल तर दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेवर हात फिरवतो. दहातल्या नऊ घरांत तिथे रंगाचा थेंबही नसतो. दिसत नाही म्हणून रंगारी ती कड सोडतात, आणि दार सगळ्यात जास्त पाणी तिथूनच ओढतं. मग दार उतरवून उन्हाळ्यात सुकवायचं, लागेल तेवढंच तासायचं, सहाच्या सहा बाजू रंगाने बंद करायच्या आणि परत बसवायचं. हे काम ऐन पावसात आम्ही करत नाही, ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी. पावसात तासलेलं दार उन्हाळ्यात लहान होणारच.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. मंडणगड, दापोलीकडच्या बागाही आडव्या झाल्या. त्यानंतर लोक पडलेल्या फणसांचे ओंडके घेऊन आमच्याकडे येऊ लागले. आजोबांनी लावलेलं झाड, त्याचं निदान एक दार तरी घरात राहावं, ही त्यांची इच्छा आम्हाला पूर्ण समजत होती. पण ओलं लाकूड कापून लगेच दार केलं तर ते पीळ खाणार हे नक्की. आम्ही ओंडके चिरून घेतले, फळ्यांच्या टोकांना जाड रंग फासला, कारण टोकाकडून पाणी झपाट्याने उडून तिथे चिरा पडतात. दोन फळ्यांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून पत्र्याखाली थप्प्या लावल्या आणि पुढचा उन्हाळा जाऊ दिला. गाभ्याबाहेरचं फिकट लाकूड काढून टाकलं. जुने लोक ओंडके वहाळात नाहीतर तळ्यात बुडवून ठेवत, त्याने लाकडातला पिष्टमय अंश धुऊन जातो आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला खायला कमी उरतं. आमच्याकडे तेवढं पाणी नाही, म्हणून आम्ही बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाचे हात देतो, पॉलिशच्या आधी. पॉलिश झाल्यावर ते आत मुरत नाही. पावसात भिजणाऱ्या लाकडाला मात्र हा उपाय नाही, द्रावण धुऊन जातं.

दुसऱ्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरलं. त्या दिवसांनी आमचं काम कायमचं बदललं. पाणी ओसरल्यावर पार्टिकल बोर्डची कपाटं हाताने उचलताना तुटत होती, साध्या प्लायचे थर सुटे झाले होते, आणि चिखलाने माखलेली जुनी सागाची, फणसाची दारं जागेवर उभी होती. लोक ती कचऱ्यात टाकायला निघाले होते. आम्ही गल्लोगल्ली सांगत फिरलो: दारं टाकू नका, उन्हात ठेवू नका, स्वच्छ पाण्याने चिखल धुवा, सावलीत वाऱ्याला उभी करा, रंग लावू नका. कडक उन्हात बाहेरचा थर आधी आकसतो आणि दार फाटतं. ओल्या लाकडावर रंग मारला तर आतलं पाणी अडकून राहतं, रंगाला फोड येतात आणि आत बुरशी धरते. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राखला तर लाकूड कुजत नाही.

"काका, दिवाळीआधी रंग मारून द्या हो," असं कितीतरी जणांनी म्हटलं. "मीटर पंधराच्या खाली येऊ दे, मग हात लावतो," हेच आमचं उत्तर होतं. काहींची दारं त्या दिवाळीला बिनरंगाचीच राहिली. ती आजही शाबूत आहेत.

स्वयंपाकघरांची कामं आम्ही तेव्हापासून जास्त घेऊ लागलो. सिंकखालच्या कपाटाला आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लायच लावतो. त्याचा गोंद 72 तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. मानकाचा शिक्का प्लायच्या प्रत्येक शीटवर असतो, तो बघून घ्या. कापलेली प्रत्येक कड बंद करतो, पाइपाच्या भोकाचीसुद्धा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवत नाही, अर्धा इंच वाऱ्याला सोडतो. जांभ्याच्या भिंतीची ओल पाठीमागून आली की लॅमिनेट सुटतं, आणि मग कितीही भारी लॅमिनेट लावा. बाथरूमला लाकडी दार मात्र आम्ही देत नाही, लाकूड विकणारे असूनही.

वाळवीच्या तक्रारी सगळ्यात जास्त येतात आणि त्यातल्या बऱ्याच वाळवीच्या नसतात. वाळवी जमिनीतून येते, मातीच्या बोगद्यातून चढते, चौकटीचा पाय आधी खाते. तिथे वरून औषध फवारून काही होत नाही. फरशी आणि भिंतीच्या सांध्यात भोकं पाडून औषध जमिनीत सोडावं लागतं, आणि ते काम आम्ही परवानाधारक माणसाकडूनच करून घेतो. भुंगेरा वेगळा. तो आंब्याच्या, रबराच्या लाकडात, फिकट भागात असतो, टाचणीएवढी भोकं पाडतो आणि खाली बारीक पीठ पडतं. त्याला जमिनीतलं औषध लागत नाही, तेवढा भाग बदलून बाकीच्यावर उपचार करता येतो.

मोजमापं आम्ही मे महिन्यात घेतो. गणपतीच्या आठवड्यात फक्त बिजागऱ्या, कड्या आणि तातडीची कामं. फोन करताना खाली पडलेलं मातीसारखं आहे की पिठासारखं, आणि दार कोणत्या कोपऱ्यात घासतंय, एवढं सांगितलंत तर आमचा माणूस योग्य ते सामान घेऊनच निघेल.