आधी तक्ता, मग चित्र: मंगळावर उतरणाऱ्या यानाचा आराखडा

सामान फार लागत नाही. जळगावात मी ८ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस कॅल्क (तक्ते मांडायला) आणि फ्रीकॅड (त्रिमितीय आराखडा काढायला) या दोन फुकट सॉफ्टवेअरवर हे काम केलं. फ्रीकॅड १.० किंवा त्यापुढचंच घ्या. जुन्या आवृत्तीत आधीचं स्केच जरा बदललं की पुढचे भाग भलत्याच कडांना जाऊन चिकटायचे.

पण फ्रीकॅड उघडायची घाई नको. यान कसं दिसणार हे मंगळाची हवा ठरवते, म्हणून सुरुवात कॅल्कमध्ये. जमिनीलगत आपल्याकडे घनमीटरभर हवा सव्वा किलोच्या आसपास भरते, तिथे जेमतेम २० ग्रॅम. एवढ्याशा हवेत यान तापतं भरपूर, थांबत मात्र नाही.

मी धरलेले आकडे असे: वातावरणात शिरताना वजन ६०० किलो, उष्णतेपासून वाचवणाऱ्या कवचाचा व्यास २.६५ मीटर, वेग सेकंदाला ५.६ किमी, उतरता कोन १३ अंश. मंगळावर उतरलेलं नासाचं फिनिक्स यान (२००८) साधारण याच मापाचं होतं, त्यामुळे आपलं उत्तर वेडंवाकडं आलं तर लगेच कळतं. रोध गुणांक (आकारामुळे हवा किती अडवते त्याचा आकडा) १.६५ धरून वजनाला गुणांक गुणिले क्षेत्रफळाने भागलं की चौरस मीटरला ६६ किलो येतात. हा आकडा कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा. तो जितका मोठा, तितकं यान पातळ हवेत खोलवर जाऊन मग मंदावणार आणि पॅराशूटला उंची उरणार नाही.

तक्त्याचे रकाने: वेळ, उंची, वेग, कोन, घनता, रोध, त्वरण. घनतेसाठी ०.०२० गुणिले EXP(उणे उंची भागिले ११,१००), EXP हे कॅल्कचंच फंक्शन, उंची मीटरमध्ये. सुरुवात १२५ किमीवरून, पायरी १ सेकंदाची, शेवटच्या टप्प्यात ०.१ सेकंदाची, नाहीतर एका ओळीत यान ५५ मीटर वर आणि पुढच्या ओळीत जमिनीत.

इथे तीन ठिकाणी हमखास घसरतं. कॅल्कचं साइन फंक्शन कोन अंशांत नाही, रेडियन या एककात मागतं. अंश तसेच टाकले तर यान वर चढायलाही लागतं. दुसरं, कोनाच्या समीकरणात ग्रहाच्या गोलाईचं पद (वेगाचा वर्ग भागिले ग्रहाच्या केंद्रापासूनचं अंतर) हवंच. ५.६ किमी वेगाला त्या पदाचं मूल्य गुरुत्वाच्या दुपटीहून जास्त भरतं आणि मार्ग सपाट करतं. ते गाळलं तर कमाल मंदन १२ जीच्या (पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या १२ पट) घरात दिसतं, धरलं की बरंच खाली येतं. तिसरं, ध्वनीचा वेग. तिथे तो सेकंदाला साधारण २४० मीटर आहे. सवयीने ३४० टाकला तर ‘मॅक १.७ ला (ध्वनीच्या १.७ पट वेगाला) पॅराशूट’ म्हणत आपण ते खरं तर मॅक २.४ ला उघडतो, आणि त्या वेगाला कापड टिकेल याची खात्री नाही. एककांचं तर बोलायलाच नको. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान पाउंड-सेकंद आणि न्यूटन-सेकंदाच्या घोळातच गेलं.

पॅराशूट नसेल तर जमिनीजवळ वेग सेकंदाला १५६ मीटर. खालचं कवच (७० किलो) टाकून ११.८ मीटरचं पॅराशूट धरलं तरी ५५ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किमी. एवढ्या वेगाने टेकलो तर वेचायलाही काही उरणार नाही! म्हणून इंजिन. पाठचं कवच आणि पॅराशूट मिळून १६० किलो सोडल्यावर ३७० किलोचं यान उरतं. ९०० मीटरवरून ५५ चा वेग शून्यावर आणायला ३३ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ गुरुत्वही ओढत असतं. दोन्ही मिळून १७७, वर राखीव धरून २२० मीटर प्रति सेकंद. हायड्राझीन या इंधनाचा विशिष्ट आवेग (इंधन किती कार्यक्षम त्याचं माप) २२० सेकंद धरला तर इंधन ३६ किलो. नवखे लोक इथे फक्त ५५ धरतात आणि टाकी पाव आकाराची काढून बसतात.

उतरायची जागाही याच तक्त्यात तपासा. सरासरी पातळीपेक्षा ४ किमी खोल जागी हवा सुमारे ४० टक्के जास्त दाट मिळते. नासाची क्युरिऑसिटी बग्गी मंगळावरच्या गेल विवरात उणे ४.४ किमीवर उतरली, त्यात या हिशोबाचाही वाटा होता.

आता फ्रीकॅड. कवचाचं अर्धं छेदचित्र स्केचमध्ये काढून अक्षाभोवती फिरवायचं. नाकाची त्रिज्या व्यासाच्या पाव, म्हणजे ६६२ मिमी. त्याला स्पर्श करणारी तिरकी रेघ. कडेला ६६ मिमीची गोलाई. रेघेचा कोन अक्षाशी ७० अंश हवा. तोच आडव्या रेषेशी मोजला तर भोवरा तयार होतो. बरोबर आलं तर परातीसारखं दिसतं: अडीच मीटरच्या वर रुंद, खोली अर्धा मीटरही नाही.

गुरुत्वमध्य नाकापासून व्यासाच्या २७ टक्क्यांच्या आत, म्हणजे ७१ सेंमीच्या अलीकडे ठेवला. मागे सरकला तर यान हवेत डोलायला लागतं. फ्रीकॅड भरीव भागाचा मध्य सांगतं, पण घनता सगळीकडे सारखी धरून. म्हणून प्रत्येक भागाचं वजन आणि मध्य कॅल्कमध्ये लिहून भारित सरासरी काढली, प्रत्येक वजनावर २५ टक्के वाढ धरून. पहिल्या खेपेला मध्य मागे गेला. बॅटऱ्या आणि टाक्या पुढे कवचाकडे ढकलल्या तेव्हा बसला.

पायांसाठी टेकतानाचा वेग अडीच मीटर आणि दबण्याची लांबी १५ सेंमी घेतली. इंधन संपल्यावरच्या ३३४ किलोला एकूण ८.२ किलोन्यूटन बल येतं. तीन पायांत ते वाटून टाकू नका, दगडावर एकच पाय आधी टेकला तर सगळा भार त्याच्यावर. शिवाय आडवा धक्का असतोच. घड लागलेल्या केळीला टेकू झुकत्या बाजूने देतात, तसे तिरके दांडे धक्क्याच्या दिशेने हवेत. दांडे भार सोसतील का याची तपासणी फ्रीकॅडच्या एफईएम विभागात कॅल्क्युलिक्स या गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामने केली. त्यात भागाचे छोटे तुकडे पाडून जाळी करतात. जाळी बारीक करत गेलं की टोकदार कोपऱ्यातला ताण वाढतच जातो. तो खरा नसतो. कोपऱ्याला गोलाई द्या, मग आकडा स्थिरावतो. पूर्ण यानाची जाळी एकदम केली तर ८ जीबीचा लॅपटॉप गोठतो, म्हणून एकेक दांडा वेगळा तपासायचा. आणि वीज जायच्या आत सेव्ह, आपल्याकडे हे सांगायला नको.

नमुना १:२० मापात थ्रीडी प्रिंटरवर छापला. कवच १३२ मिमी, छोट्या प्रिंटरवर आरामात बसतं. पायांचे ४० मिमी जाडीचे दांडे मात्र २ मिमीचे होतात आणि छपाईचे आधार काढतानाच तुटतात; तेवढे ४ मिमी करून छापले. प्रिंटरसाठी काढलेल्या एसटीएल फाइलीत एकक नसतं, तेव्हा छापायच्या आधी स्लायसरमध्ये (आकाराचे छपाईसाठी थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) माप बघा. पीएलए या छपाईच्या प्लास्टिकचा नमुना मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि जळगावच्या उन्हात काचेमागे तेवढं तापमान सहज होतं.