मधल्या कॉलमवर शंभर कसे?

"सर, तीन कॉलमवर एक बीम, दोन्ही गाळे चार-चार मीटरचे, भार सगळीकडे सारखा. मग मधल्या कॉलमवर निम्माच भार का नाही?" दुसऱ्या वर्षाच्या वर्गात दर वर्षी कुणीतरी हे विचारतंच.

त्याचं उत्तर सांगतो. मीटरला २० किलोन्यूटन धरा, म्हणजे आठ मीटरचे १६०. मनातला हिशेब ४०-८०-४०. मधल्या कॉलमवर बीम कापलेला असेल तर तो बरोबरच आहे. पण बीम अखंड आहे, आणि उत्तर येतं ३०-१००-३०.

समतोलाची समीकरणं इथे काही मदत करत नाहीत. त्यांना ३०-१००-३० चालतं, ४०-८०-४० चालतं, अगदी ८०-०-८० सुद्धा चालतं. समीकरणं दोन, अज्ञात तीन. तिसरी अट बीमच्या वाकण्यातून काढायची. मधला आधार क्षणभर काढून टाका: आठ मीटरचा बीम मध्यात पाच भागिले ३८४ या गुणकाने खाली येतो (गुणक कशाचा? भार गुणिले लांबीचा घन, भागिले ईआय, म्हणजे बीमचा वाकायला होणारा विरोध). आता तिथेच खालून रेटा द्या: तो एक भागिले ४८ या गुणकाने वर जातो. दोन्ही सारखे व्हायला रेटा हवा १६० च्या पाच अष्टमांश, म्हणजे १००. लांबीचा घन आणि ईआय दोन्ही बाजूंनी उडतात.

ईआय उडालं की वर्ग खूश. मला मात्र तिथेच धाकधूक होते. ते उडालं, कारण आधार तसूभरही हलत नाही असं आपण गृहीत धरलं. बीम २३० बाय ४५० मिलिमीटर, काँक्रीट एम २५ प्रतीचं, तडा नाही असं धरा आणि मधला कॉलम फक्त एक सेंटिमीटर खचवा. शंभराचे एकोणसाठ होतात, कडेचे तीसचे साडेपन्नास! कॉलमवर बीमच्या वरच्या अंगाला ताण देणारा ४० किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, होता. आता ४२ चा मोमेंट खालच्या अंगाला ताणतो. आपण एक्स्ट्रा सळया टाकल्या होत्या वर. (त्याही स्लॅब भरताना कुणी तुडवून खाली दाबल्या नसतील तर.)

याच्या उलटा किस्सा गॅलिलिओने १६३८ मध्ये छापला. संगमरवरी खांब दोन ओंडक्यांवर आडवा ठेवलेला. मधे मोडू नये म्हणून कुणीतरी मध्यात तिसरा ओंडका सरकवला. काही महिन्यांनी खांब नेमका त्याच्यावरच मोडला: टोकाचा ओंडका कुजून खचला होता, मधला जागचा हलला नव्हता.

वर्गात मी लाकडी पट्टी तीन वजनकाट्यांवर ठेवतो. मधल्या काट्यावर, पट्टीखाली दोन पोस्टकार्डं सरकवली की त्याचा आकडा टुणकन वर जातो आणि कडेचे उतरतात. पट्टी तीच, वजन तेच.

म्हणून आधार खचवणाऱ्या काळ्या मातीतल्या बांधकामाचा नकाशा कुणी पुढ्यात ठेवला, की मुरूम किती खोलीवर लागला हे मी आधी विचारतो. बीमकडे नंतर बघतो.