आमची वाटचाल: आठवड्यातून एक तास

शून्य ते तीन वर्षांच्या बाळांसाठी आम्ही शीघ्र हस्तक्षेप केंद्र (विकासात अडचण दिसणाऱ्या बाळांवर लवकर उपचार करणारे) सुरू केले तेव्हा मी फिजिओथेरपिस्ट, माझी भागीदार ऑक्युपेशनल थेरपिस्ट (हातांची व रोजची कामे जमावीत म्हणून उपचार करणारी), आणि सामान म्हणजे दोन मॅट, एक थेरपी बॉल व आम्हीच शिवलेला बोल्स्टर (बाळाला आधार द्यायचा गोल लोड), एवढाच संसार होता. फोम घट्ट गुंडाळून त्यावर रेक्झीन चढवताना शिवण बाळाच्या छातीखाली येऊ द्यायची नसते, हे आम्हाला तिसऱ्या प्रयत्नात समजले. त्या बोल्स्टरचे रेक्झीन आजवर चार वेळा बदलले, आतला फोम अजून तोच आहे. पुढे घेतलेल्या यंत्रांपैकी निम्मी घेतली नसती तरी चालले असते. नव्याने केंद्र काढणाऱ्यांनी कर्ज काढण्यापूर्वी याचा विचार करावा.

आमची पद्धत पहिल्यापासून ठरलेली होती. आठवड्यातून एक तास केंद्रात यायचे, आणि त्या तासातही बाळाला हात लावायचा तो आईने किंवा बाबांनी. आम्ही शेजारी बसून त्यांचे हात कुठे असावेत एवढेच सांगायचे. बाळाला दिवसभरात कितीदा उचलले जाते, भरवले जाते, त्याचे कपडे बदलले जातात, आणि खरी थेरपी त्याच वेळी घडते. आमचा हिशेब पाहणाऱ्या गृहस्थांनी हा धंदा आहे की शिकवणी, असे एकदा विचारले होते.

पहिली सहा वर्षे बरी गेली. सातव्या वर्षी जवळच एक मोठे केंद्र उघडले, आणि त्याने आठवड्याचे सहा दिवस, रोज दोन तास आणि शंभर दिवसांत बाळ बसवून दाखवण्याची हमी देऊ केली. त्याहून कहर म्हणजे नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला चाकांचा वॉकर भेट मिळू लागला. ज्यात बाळ पायांच्या बोटांवर रेटत राहते, जिन्यावरून घरंगळू शकते, आणि ज्याच्या विक्रीवर कॅनडाने 2004 मध्ये बंदी घातली, ती वस्तू पाय ताठ असलेल्या बाळांना वाटली गेली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तीन महिन्यांत आमच्या 31 कुटुंबांपैकी 27 कुटुंबे तिकडे गेली, आणि त्यांच्या पाठोपाठ आमची स्पीच थेरपिस्टही गेली. पालकांना मी दोष देत नाही, कारण जास्त तास म्हणजे जास्त उपचार असे कोणालाही वाटेल. पण माझ्या भागीदारानेही आपण तीन दिवस करू या असा आग्रह धरला, तेव्हा आमचे असे भांडण झाले की पुढचा आठवडाभर आम्ही एकमेकींशी फक्त बाळांविषयी बोलत होतो. भाडे थकले, आणि बाळाला आधाराने उभे करायची स्टँडिंग फ्रेम विकावी लागली.

उरलेल्या चौघांत एक आई होती. तिचे बाळ 28 व्या आठवड्यात जन्मलेले, आणि ते आठ महिन्यांचे असताना तिकडच्या तपासणीत ‘बसत नाही, मागे आहे’ असे सांगून तिला हादरवले होते. पूर्ण गर्भकाळाच्या 40 आठवड्यांतून 28 गेले की 12 आठवडे उरतात. ते वजा केले तर बाळाचे सुधारित वय जेमतेम पाच महिने होते, आणि त्या वयाचे बाळ आधाराशिवाय बसत नाही यात विलंब कसला? हे सुधारित वय दोन वर्षांपर्यंत धरायचे असते, हे हमीपत्र छापणाऱ्यांना ठाऊक नसावे. काळजीची गोष्ट वेगळीच होती. बाळ प्रत्येक खेळण्याला उजवाच हात घालत होते आणि डावी मूठ अंगठा आत घेऊन मिटलेली राहत होती. पहिल्या वर्षाच्या आतच बाळ एका हाताला पसंती देऊ लागले, तर घरच्यांनी कौतुक न करता दुसरा हात तपासून घ्यावा. आम्ही तिला बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि डाव्या हाताचे काम त्याच आठवड्यात सुरू केले.

तिने एका वहीत अंघोळ, कपडे, भरवणे, पोटावर, खेळ असे रकाने आखले, आणि डावी मूठ उघडली की त्या रकान्यात एक उभी रेघ ओढायची, असा क्रम ठेवला. सुरुवातीला रेघा फक्त अंघोळीच्या रकान्यात दिसत होत्या, म्हणून आम्ही खेळ अंघोळीच्या टबात नेला. ती वही प्रतीक्षा खोलीत हातोहात फिरू लागली, आणि तिकडे दोन तास रडून दमलेली बाळे घेऊन काही पालक परत आले. त्यांतली दोन बाळे बोलत नाहीत म्हणून महिनोन्‌महिने स्पीच थेरपी घेत होती आणि त्यांची श्रवण चाचणीच झालेली नव्हती. ती आधी करावी, फी नंतर घ्यावी.

त्या वहीवरून आम्ही घरच्या नोंदींचा तक्ता छापला. पहिल्या छपाईत ‘पोटावर’चे ‘पोटवर’ झाले होते, ते आम्ही दुसऱ्या छपाईत दुरुस्त केले. मागच्या वर्षी त्या मोठ्या केंद्राने पालकांसाठी स्वतःचा म्हणून एक तक्ता काढला असून त्यात तेच पाच रकाने त्याच क्रमाने आहेत आणि चौथा रकाना ‘पोटवर’ असा आहे.